दाभोळच्या विजेचा भाव : आंकड्यांच्या साक्षीची एक छाननी

मंडळाच्या त्रैमासिकांत सनदा, महजर, कैफियती व जमाखर्चाचे कागद छापून येतात; त्यांत विजेच्या दराचा विषय पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. या विषयाकडे आम्ही वळलों तें विद्युच्छास्त्राच्या ओढीनें नव्हे. तें शास्त्र आम्हांस येत नाहीं. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला व उत्तरवयांत जुने कागद वाचण्याची संवय जडली, एवढेंच. आमचा एक माजी विद्यार्थी आतां वीज अभियंता आहे. त्यानें एकदां आम्हांस विचारलें कीं, "सर, बखरींतलें सैन्य फुगविलेलें आहे हें तुम्ही ओळखतां कसें?" आम्हीं जें उत्तर दिलें तें ऐकून तो म्हणाला कीं, आमच्या कचेरींतहि हेंच काम चालतें; फक्त सैन्याच्या जागीं खर्चाचे आंकडे असतात, आणि ते तपासावयास तुमच्याइतकी सवड कोणास नसते. त्यानें आणून दिलेले छापील अहवाल वाचतां वाचतां प्रस्तुत लेख सिद्ध झाला.

अडचण काय आहे तें आधीं सांगूं. वीजकेंद्र बांधावयास पांच-सात वर्षें लागतात व बांधल्यावर तें पंचवीस-तीस वर्षें चालतें. म्हणून कोणतें केंद्र बांधावें हें आज ठरविणारास पुढील एका पिढीचा खर्च आज मांडावा लागतो. इतिहासकार मागें पाहतो, नियोजक पुढें पाहतो. पण दोघांच्याहि हातांत असतात ते दुसऱ्यांनीं लिहिलेले कागदच. नैयायिकांनीं शब्द हें प्रमाण मानिलें, पण तें आप्ताचें असेल तरच; आणि आप्त म्हणजे ज्यास वस्तु जशी आहे तशी कळली आहे व ती तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. या लक्षणांत ज्ञान व इच्छा अशीं दोन अंगें आहेत. खर्चाचा आंकडा सांगणारा पुष्कळदां पहिल्या अंगानें पुरा असतो व दुसऱ्या अंगानें लंगडा. क्वचित् उलटहि घडतें. दोन्हीं अंगें धड असलेला साक्षी फार विरळा.

शिवाय 'खर्च' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या वस्तूंस लावितात. झालेला खर्च हा हिशेबाचा विषय. होणारा खर्च हा अनुमानाचा. आणि कोणी 'इतक्यांत करून देतों' म्हणतो तो देकार, म्हणजे केवळ वचनाचा. या तिहींना एकाच रकान्यांत बसवून बेरीज केली म्हणजे शिलालेख, बखर व पोवाडा यांची सरासरी काढल्यासारखें होतें. दुसरी गोष्ट व्याजाची. पुढील पंचवीस वर्षांचा खर्च आजच्या एका दरांत आणावयाचा तर पुढच्या रुपयास आज कमी मोल द्यावें लागतें. सावकारी समजणारास हें सांगावयास नको. पंचवीस वर्षांनीं द्यावयाचे १०० रुपये शेंकडा १२ व्याजानें आज ६ रुपयांहून किंचित् कमी भरतात, आणि शेंकडा ८ नें तेच साडेचौदा रुपयांच्या वर जातात. जें केंद्र आरंभीं महाग पण पुढें बिनइंधनाचें, त्यास थोडें व्याज मानवतें. जें बांधावयास स्वस्त पण जन्मभर इंधन खाणारें, त्यास जबर व्याज मानवतें. अर्थात् केवळ व्याजाचा एक आंकडा बदलून ज्यास हवें त्यास जिंकवितां येतें, आणि अहवालांत तो आंकडा बहुधा कोठें तरी तळटीपेंत असतो.

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. प्रथम नांवाविषयीं. दाभोळ हें जुनें बंदर वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर दापोली तालुक्यांत आहे. दाभोळ वीजकेंद्र म्हणून जें प्रसिद्ध झालें तें खाडीच्या दक्षिणेस, गुहागर तालुक्यांत, अंजनवेल व वेलदूर या गांवांजवळ, म्हणजे तुळाजी आंग्र्यांनीं सन १७४५ मध्यें सिद्दीपासून घेतलेल्या गोपाळगडाच्या शेजारीं आहे. ज्या प्रकरणाचें नांवच खाडीच्या चुकीच्या तीरावर पडलें, त्याचे आंकडे सावधपणें वाचावे हें बरें.

सन १९९१ मध्यें हिंदुस्थान सरकारनें वीजनिर्मितीचें क्षेत्र खासगी भांडवलास खुलें केलें. पुढील वर्षीं, ता. २० जून १९९२ रोजीं, अमेरिकेंतील एन्रॉन कंपनी व महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यांत सामंजस्याचा लेख झाला. कंपनीचे लोक मुंबईस येऊन थोडे दिवसहि झाले नव्हते. दुसऱ्या कोणाकडून देकार मागविलेले नव्हते, ही यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एकच साक्षी असेल तर त्याचें बोलणें ताडून पाहतां येत नाहीं; आणि येथें तर तो साक्षी स्वतःच विक्रेता होता. द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारें सुमारें २,००० मेगावॉटचें केंद्र, व युनिटास सुमारें २ रुपये ४० पैसे दर, असा तो मजकूर होता.

जागतिक बँकेकडे कर्जासाठीं विचारणा झाली तेव्हां बँकेनें एप्रिल १९९३ मध्यें नकार कळविला. तिचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, केंद्र राज्याच्या गरजेच्या मानानें एकदम फार मोठें आहे. आयात वायूची वीज दगडी कोळशाच्या विजेहून महाग पडेल. आणि केंद्र पूर्ण वेळ चालवावयाचें तर मंडळास आपलीं स्वस्त केंद्रें मंद ठेवावीं लागतील. ही बँक कांहीं खासगी भांडवलाची वैरीण नव्हे. ज्याचा कल ज्या बाजूस, त्यानेंच त्या बाजूच्या विरुद्ध साक्ष दिली म्हणजे ती वजनदार समजावी, हा आपल्या शास्त्रांतला नियम येथें लागू होता. तो लाविला गेला नाहीं. ता. ८ डिसेंबर १९९३ रोजीं वीजखरेदीचा करार झाला, त्यास पुढें राज्य सरकारची व मागून केंद्र सरकारचीहि हमी मिळाली, आणि करार लोकांस दाखविला गेला नाहीं.

सन १९९५ मध्यें कंपनीच्या एका अधिकारी व्यक्तीनें अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढें असें सांगितलें कीं, लोकांचें 'शिक्षण' व प्रकल्पाची उभारणी यांवर आम्हीं सुमारें २ कोटि डॉलर खर्च केले. या 'शिक्षण' शब्दावरून महाराष्ट्रांत त्या वेळीं मोठा गदारोळ उठला. आरोपाच्या त्या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. आम्हांस नोंदावयाचें तें इतकेंच कीं, हा खर्चहि शेवटीं कोणत्या तरी दरांत बसला असला पाहिजे. जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसास शिक्षणाचा हा भाव वाचून थोडा विषादहि झाला, तो वाचकांनीं क्षम्य मानावा.

सन १९९५ च्या निवडणुकींत राज्यांत सत्तांतर झालें. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमिली गेली. तिनें देकार न मागविल्याबद्दल व भांडवली खर्च फुगविल्याबद्दल कडक शेरे मारले, आणि ता. ३ ऑगस्ट १९९५ रोजीं प्रकल्प रद्द झाल्याचें विधानसभेंत जाहीर झालें. पांच महिने उलटतात तोंच, जानेवारी १९९६ मध्यें, तोच प्रकल्प पुन्हां मंजूर झाल्याचें जाहीर झालें. आकार कमी होण्याऐवजीं २,०१५ मेगावॉटवरून सुमारें २,१८४ मेगावॉटपर्यंत वाढला, आणि दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आल्याचें सांगण्यांत आलें.

या १ रुपया ८६ पैशांपाशीं आम्हांस थांबावयाचें आहे, कारण खर्चाचा आंकडा कसा वाचावा हें शिकविणारा असा दुसरा धडा आमच्या पाहण्यांत नाहीं. पहिला प्रश्न : या आंकड्याच्या कुसांत काय आहे व काय नाहीं? द्रवरूप वायूचा पुन्हां वायु करण्याचें जें संयंत्र, तें नव्या मांडणींत वीजकेंद्राच्या भांडवली खर्चांतून वेगळें काढिलें गेलें, हें टीकाकारांनीं तेव्हांच दाखविलें. संयंत्र तर बांधावयाचें होतेंच. त्याचा खर्च इंधनाच्या बाजूनें दरांत परत येणार होता. घरचा खर्च कमी झाला असें दाखवावयाचें, आणि वाण्याची उधारी शेजारच्या वहींत लिहावयाची, असा हा प्रकार. दुसरा प्रश्न : कोणत्या वर्षाचे व कोणत्या देशाचे रुपये? दराचा मोठा भाग डॉलरशीं बांधलेला होता. करार झाला तेव्हां डॉलरास सुमारें ३१ रुपये पडत, सन २००१ मध्यें सुमारें ४७ पडूं लागले. तिसरा प्रश्न : इंधन काय भावाचें? पहिला टप्पा वायु येईपर्यंत नॅफ्थ्यावर चालावयाचा होता व नॅफ्थ्याचा भाव खनिज तेलामागें चालतो. तें तेल सन १९९८ च्या अखेरीस पिंपास १० डॉलरांच्या आसपास होतें, सन २००० मध्यें ३० डॉलरांच्या वर गेलें.

आणि चौथा प्रश्न, जो आमच्या मतें सर्वांत घातक ठरला : हा दर किती युनिटांवर वांटलेला आहे? करारांत केंद्राच्या क्षमतेचा आकार असा होता कीं, वीज घ्या अथवा न घ्या, केंद्र तयार असेल तर तो द्यावयाचाच. एक मेगावॉटचें यंत्र शेंकडा ९० प्रमाणांत चाललें तर वर्षास ७,८८४ मेगावॉट-तास वीज देतें. शेंकडा ४५ प्रमाणांत चाललें तर त्याच्या निम्मी, ३,९४२. क्षमतेचा आकार मात्र दोन्हीं वेळां तोच. अर्थात् युनिटामागें तो दुप्पट. कागदावरील दर केंद्र जवळजवळ पूर्ण वेळ चालेल असें धरून काढिलेला होता. सन १९९९ च्या मे महिन्यांत पहिला टप्पा सुरू झाला तेव्हां मंडळास तितकी महाग वीज घेववेना. वीज कमी घेतली म्हणून दर चढला, आणि दर चढला म्हणून वीज आणखी कमी घ्यावी लागली. सन २००० मध्यें कांहीं महिन्यांचा सरासरी दर युनिटास ७ रुपयांच्याहि वर गेला.

पुढील हकीकत सर्वांस ठाऊक आहे, म्हणून लवकर सांगतों. सन २००१ च्या आरंभीं मंडळ व कंपनी यांचें बिनसलें. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें एप्रिल २००१ मध्यें आपला अहवाल दिला. मे अखेर केंद्र बंद पडलें. आणि डिसेंबर २००१ मध्यें एन्रॉन कंपनीनेंच अमेरिकेंत दिवाळें काढिलें. सन २००५ मध्यें सरकारी कंपन्यांच्या भांडवलानें रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापून तिच्याकडे केंद्र सोंपविण्यांत आलें. ज्यांना हा सर्व कागदव्यवहार सविस्तर पाहावयाचा असेल त्यांनीं अभय मेहता यांचें सन २००० मधील 'पॉवर प्ले' हें इंग्रजी पुस्तक पाहावें.

सर्व दोष विक्रेत्याच्या माथीं मारून मोकळें होणें सोपें आहे, पण तें खरें होणार नाहीं. मंडळाला इतकी वीज लागेल हें ज्या कागदांवरून ठरलें, ते मंडळाचे स्वतःचे होते. त्या कागदांतहि एक मोठी पोकळी होती. महाराष्ट्रांतील लक्षावधि शेतीपंपांस मापक बसविलेले नव्हते. आकारणी पंपाच्या अश्वशक्तीवर होई. मग शेतीनें वीज किती घेतली हें कसें कळावें? तर एकूण विजेंतून मोजलेली वीज वजा करावी, वाटेंत होणारी गळती म्हणून कांहीं भाग काढावा, आणि उरेल ती शेतीच्या नांवें लिहावी. यामुळें गळती व चोरी किती हें ठरविणें मंडळाच्या लेखणीवर राहिलें. वर्षानुवर्षें गळती शेंकडा १५ ते १८ च्या दरम्यान म्हणून लिहिली जात होती. सन १९९९ मध्यें महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला, त्यानें हिशेब उघड्यावर मागितला, आणि सन २००० च्या पहिल्या दर-आदेशाच्या सुनावणींत जी छाननी झाली तींतून गळती शेंकडा ३० च्या आसपास असल्याचें दिसून आलें. पुढें ती त्याहूनहि वर धरावी लागली. नव्या केंद्राची गरज व विकतां येण्यासारख्या विजेचा अंदाज हीं दोन्हीं या वजाबाकीच्या पायावर उभीं होतीं.

आम्हांस यांत परकें कांहीं वाटलें नाहीं. तपासणीच्या दिवशीं पटावरील मुलें शंभरांत सत्त्याण्णव हजर असल्याचा तक्ता आम्हीं स्वतः एका शाळेंत आपल्या हातानें लिहिला आहे, आणि वर्गांत त्या दिवशीं बांकें रिकामीं होतीं. लिहावयास सांगणारा कोण होता हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. लिहिणारे आम्ही होतों. त्या तक्त्यावरून पुढच्या वर्षीं शिक्षकांची एक जागा मंजूर झाली. अमुक आंकडा खोटा आहे एवढें म्हणून तपास थांबवूं नये, त्याच्या मागें कोणाची कोणती गरज उभी होती तें शोधावें, हें आम्ही त्या दिवसापासून मानीत आलों.

देकार मागविले असते तर सर्व ठीक झालें असतें, असेंहि कोणी म्हणेल. सन २००६ मध्यें गुजराथेंतील मुंद्रा येथील ४,००० मेगावॉटच्या कोळसाकेंद्रासाठीं रीतसर चढाओढ झाली. टाटा पॉवरनें युनिटास सुमारें २ रुपये २६ पैसे हा सर्वांत कमी समीकृत दर देऊन ती जिंकली. वीज घेणाऱ्या पांच राज्यांत महाराष्ट्रहि होता. हा कोळसा इंडोनेशियांतून यावयाचा होता. पुढें त्या देशानें निर्यातीच्या किंमतीचे नियम बदलले, कोळसा महागला, आणि सन २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, परदेशांतील भाववाढ ही करारांतील दैवी आपत्ति नव्हे. म्हणजे चढाओढींतून निघालेला दर प्रामाणिक असूनहि खरा ठरला नाहीं. साक्षीदाराची इच्छा शुद्ध होती, ज्ञान अपुरें होतें.

याच्या उलटहि घडतें. सूर्यप्रकाशापासून वीज करण्याचा खर्च सन २०१०-११ साठीं केंद्रीय वीज नियामक आयोगानें युनिटास सुमारें १७ रुपये ९१ पैसे धरला होता. त्याच सन २०१० च्या अखेरीस लिलाव झाला तेव्हां सर्वांत खालची बोली १० रुपये ९५ पैशांची आली. सन २०१७ मध्यें राजस्थानांतील भडला येथें ती २ रुपये ४४ पैशांवर, व सन २०२० च्या डिसेंबरांत गुजराथेंत १ रुपया ९९ पैशांवर उतरली. दहा वर्षांत असा आंकडा एकनवमांशावर येतो तेव्हां पांच वर्षांमागील अहवाल पुढें ठेवून नियोजन करणें म्हणजे गतवर्षीच्या पंचांगावरून मुहूर्त काढण्यासारखें आहे. अणुकेंद्रांची गोष्ट निराळी. फ्रान्सांतील फ्लामांव्हिल येथील नव्या धर्तीच्या अणुभट्टीचें काम सन २००७ मध्यें ३३० कोटि युरोंच्या अंदाजानें सुरू झालें; तिची वीज डिसेंबर २०२४ मध्यें वाहूं लागली तोंवर खर्च १,३०० कोटि युरोंच्या पुढें गेलेला होता. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतच, राजापूर तालुक्यांत जैतापूर येथें, त्याच जातीच्या सहा भट्ट्या योजिलेल्या आहेत. म्हणून फ्लामांव्हिलचा जमाखर्च हा आमच्याहि दप्तराचा भाग समजावा.

एका खर्चाविषयीं मात्र अद्याप बोललों नाहीं. सन १९१५ मध्यें खोपोलीचें टाटांचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें, आणि पुढील योजनेसाठीं मुळशीस निळा-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधावयाचें ठरलें. ता. १६ एप्रिल १९२१, रामनवमी, या दिवशीं तेथें मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापटांनीं त्यापायीं कारावास भोगला. धरण झालें, सन १९२७ मध्यें भिऱ्याचें केंद्र चालूं झालें, व मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळाली. या योजनेच्या खर्चांत जमिनीचा मोबदला लिहिलेला आहे. बुडालेल्या गांवांतील भातखाचरांनीं पुढील शंभर वर्षांत काय पिकविलें असतें, हा रकाना कोणत्याहि वहींत नाहीं. तसेंच कोयनेचें. सन १९६७ च्या ११ डिसेंबरचा भूकंप व नंतर धरण बळकट करण्याचें काम हीं मूळच्या अंदाजपत्रकांत असणें शक्यच नव्हतें. पण कोयनेची वीज स्वस्त म्हणून जो आंकडा सांगतात तो कोणत्या सालचा, हें विचारणें शक्य आहे.

आमची सूचना साधी आहे. मंडळांत कागद दाखल होतो तेव्हां तो कोठें सांपडला, कोणाच्या दप्तरांतला, मिती काय, मूळ कीं नक्कल, शिक्का कोणाचा, हें आपण दाखल-वहींत लिहितों. मजकूर मागाहून वाचतों. विजेच्या खर्चाच्या आंकड्यासहि अशीच वही हवी. आंकडा कोणीं सांगितला व त्याचा त्यांत लाभ काय. कोणत्या सालचे रुपये. बांधकामाच्या काळांतील व्याज आंत कीं बाहेर. तारा व रोहित्रें धरलीं कीं नाहींत. इंधन कोणत्या भावानें. किती तास चालेल असें मानिलें. आणि अंदाज कीं झालेला हिशेब. नंतर, केंद्र बांधून झाल्यावर, मूळ अंदाजाच्या समोर खरा खर्च त्याच पानावर लिहिला जावा. नियामक आयोगाच्या सुनावण्यांमुळें यांतील बरेंच साहित्य आतां छापील मिळतें, हें आम्ही कृतज्ञतापूर्वक नमूद करतों. परंतु आयोगापूर्वीच्या काळचे, विशेषतः सन १९९२ ते १९९९ या सालांतील टांचणें, टिपणें व तुलनापत्रकें विखुरलेलीं आहेत. सन २००५ च्या जून महिन्यांत वीज मंडळाच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या तेव्हां दप्तरांचीहि वांटणी झाली असली पाहिजे. त्या काळीं कामावर असलेले अधिकारी आतां आमच्याच वयाचे अथवा अधिक वृद्ध आहेत. त्यांच्या घरीं माळ्यावर जीं गाठोडीं असतील तीं रद्दींत जाण्यापूर्वी मंडळाकडे यावीं. टपालाचा खर्च आम्ही देऊं, आणि दाखल-वहींत पहिली नोंद आमच्या विद्यार्थ्यानें दिलेल्या अहवालांची केलेली आहे.